३१ डिसेंबर, औषधांचं काउंटर

सकाळी ८. एडिसन, न्यू जर्सी. दुकान उघडायच्या आधीच तिघं दारात. औषधपाण्याच्या खर्चासाठी एफएसए खात्यात पगारातून करमुक्त कापलेले पैसे खर्च झाले नाहीत, तर अनेकांचे आज रात्री बुडतात. काही कंपन्या अडीच महिन्यांची मुदत देतात, काही थोडी रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात. आपली कंपनी काय देते हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

९.३०. एका ताईंच्या टोपलीत तापाच्या गोळ्या, ॲलर्जीच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड. "डॉक्टरांची चिठ्ठी नाहीये हो." लागतच नाही. २०११ पासून औषधांना ती लागायची. २०२० च्या केअर्स कायद्यानं ती अट काढली आणि पाळीच्या वस्तूही यादीत घेतल्या. ताई परत आत गेल्या आणि थर्मामीटर, वाचायचा चष्मा घेऊन आल्या. दोन्ही चालतात.

११. मशीन एकेक वस्तू ओळखतं. चालणाऱ्या वस्तूपुढे आमच्या पावतीवर 'एफ' उमटतो. पट्ट्या, एफ. एसपीएफ १५ किंवा त्याहून जास्तचं सनस्क्रीन, एफ. टूथपेस्टपुढे काही नाही. मल्टीव्हिटॅमिनपुढेही नाही, आणि इथेच लोक चिडतात. नियम एवढाच आहे: आजारावरचा किंवा आजार टाळण्याचा खर्च चालतो, एरवी तब्येत चांगली राहावी म्हणून केलेला नाही. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता निघाली असेल, तर डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या, पैसे स्वतः भरा आणि मग पावती जोडून भरपाई मागा.

१.३०. डबा.

३ वाजता एक दादा आले. हातात गुडघ्याचं मलम आणि बीपीचं मशीन. "आई-बाबा नाशिकहून आलेत, सहा आठवड्यांसाठी. माझ्याच कार्डावर घ्या." मला नाही म्हणावं लागलं. आईवडिलांचा खर्च चालतो, पण करखात्याच्या व्याख्येत ते तुमच्यावर अवलंबून असतील तरच; आणि थोड्या दिवसांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले त्यात बसत नाहीत. पोटच्या पोरानं घेतलेलं मलम, पण कायद्याला ते नातं पुरत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. त्यांनी दुसरं कार्ड काढलं. जाताना विचारलं, माझी स्वतःची चिठ्ठीवरची गोळी भारतातून मागवली तर? तिचाही खर्च धरत नाहीत.

६.३०. गर्दी ओसरली. काउंटरवर टाकून दिलेल्या पावत्या मी गोळा केल्या. मूठभर निघाल्या. पावत्या टाकायच्या नसतात: ज्यांचं खातं एचएसए या दुसऱ्या प्रकारचं आहे, त्यांचे पैसे बुडत नाहीत, आणि खातं उघडल्यानंतरच्या खर्चाची भरपाई कितीही वर्षांनी मागता येते. फक्त पावती हवी, वस्तूचं नाव आणि तारीख असलेली. कार्डाची नुसती स्लिप चालत नाही. पावतीच्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा दुकानाबाहेर पडण्याआधी तिचा फोटो काढा.