बिअर म्हणजे सातूचे पाणी नव्हे!

परवा सकाळी दवाखान्यात एक तरुण आला. कमरेतून जांघेकडे जाणारी कळ, अंगाला घाम, जीव नुसता कासावीस. वडील सोबत होते. मूतखड्याची कळ ओळखायला वेळ लागत नाही. इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाने तो जरा सावरला, तेव्हा विचारले, ‘‘काय रे, पाणी पितोस की नाही?’’

तो वडिलांकडे न बघता म्हणाला, ‘‘डॉक्टर, खडा पडावा म्हणून आठ दिवस रोज एक बाटली बिअर घेतोय.’’

वडिलांनी कपाळावर हात मारला. पण चिरंजीव पुण्याला नोकरीला, माहितीत कमी नाहीत. म्हणाले, ‘‘जर्मन लोक तर पाण्यासारखी पितात, घरीसुद्धा तयार करतात. पुण्यात ‘डूलाली’ची बिअर जर्मन माणसानेच सुरू केली ना? मी पण घरी करायचं सामान मागवणार आहे.’’

या एका वाक्यात तीन-चार गैरसमज होते. ते केवळ त्या मुलाचे नाहीत, म्हणून हा लेख.

देवळालीचा ‘ताप’

आधी त्या नावाची गंमत. ‘डूलाली’ म्हणजे आपली देवळालीच. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत. काम नाही, उकाडा आणि ताप. काहींची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे नुसते ‘डूलाली’ म्हणजे ‘डोके फिरलेला’ असा अर्थ झाला.

हेच नाव घेऊन २००९ साली पुण्यात जागेवरच बिअर तयार करणारी एक छोटी भट्टी सुरू झाली. ती उभारणाऱ्यांत दोन भारतीय आणि ओलिव्हर शाउफ हे जर्मन बिअरतज्ज्ञ होते. पुढे हा व्यवसाय मुंबईतही गेला. तेव्हा जर्मन माणसाची गोष्ट खरी आहे. पण तो हे काम रीतसर शिकलेला माणूस, हे आमच्या चिरंजीवांच्या ध्यानात आले नाही. जर्मनीत बिअर करणाऱ्याचा धंदा तीन वर्षे उमेदवारी करून शिकावा लागतो, जसा आपल्याकडे आयटीआयमध्ये फिटरचा किंवा टर्नरचा.

जर्मनांचा नियम

बिअर तयार कशी होते? आपण लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो. तसेच सातूला मोड आणून वाळवतात. तो भरडून गरम पाण्यात ठेवला की त्यातील पिष्टाची साखर होते. ते पाणी हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. इडलीचे पीठ आंबून फुगते, तसाच काहीसा हा उद्योग.

बव्हेरिया प्रांतात १५१६ साली असा कायदा झाला की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काहीही घालायचे नाही. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण ते काय काम करते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते कोडे पुढे लुई पाश्चर यांनी उलगडले. बिअरवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ चा. भेसळीविरुद्ध पाचशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे.

पिण्याची त्यांची रीतही पाहण्याजोगी आहे. बसून, पावाबरोबर, गप्पा मारत, सावकाश. आपल्याकडे? रिकाम्या पोटी, अंधारात, घाईघाईने आणि ‘चढली पाहिजे’ म्हणून स्ट्राँग! पण म्हणून जर्मन माणसाला काही होत नाही असे मुळीच नाही. दारूचे व्यसन, यकृताचे विकार आणि कर्करोग हे तिकडेही मोठे प्रश्न आहेत. शुद्ध बिअरमध्येही अल्कोहोल असतेच, आणि यकृताला ते जर्मन की नाशिकचे हे कळत नाही.

जरा हिशेब करू

बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. साध्या बिअरमध्ये पाच टक्के अल्कोहोल धरले तर एका बाटलीत सुमारे २५ ग्रॅम होते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ते सुमारे ४० ग्रॅम भरते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असते. म्हणजे ‘मी दारू पीत नाही, फक्त एक बिअर घेतो’ म्हणणारा स्ट्राँगच्या एका बाटलीत चार पेग रिचवतो! त्यातल्या नुसत्या अल्कोहोलच्या उष्मांकांचा हिशेब २८० च्या घरात जातो. पोट पुढे येते आणि यकृतावर चरबी चढते ती उगीच नाही.

अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मान्य केले. ‘इतकी घेतली तर धोका नाही’ अशी कोणतीही मात्रा सांगता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे आता विसरावे.

खडा बिअरने पडतो का?

बिअरने लघवी जास्त होते हे खरे. पण खडा त्याने विरघळत नाही. उलट पुढे शरीरातले पाणी कमी होते. बिअरने युरिक आम्लही वाढते. गाऊट असणाऱ्याचा अंगठा दुसऱ्या दिवशी लाल होऊन ठणकतो तो त्यामुळे, आणि काही खडे याच आम्लाचे बनतात. खडा नळीत अडकलेला असताना लघवीचा लोंढा आला तर कळ वाढते.

मग लोकांना गुण कसा येतो? लहान खडे बहुधा आपले आपणच पडतात आणि श्रेय बिअरला मिळते! सातूच हवा असेल तर सातू उकळून ते पाणी प्यावे. तेही नको असेल तर साधे पाणी पुरते. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके प्यावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच. कळीबरोबर थंडीताप आला किंवा लघवी बंद झाली तर तासभरही घरी थांबू नये.

घरची भट्टी

जर्मनीत घरी ठराविक प्रमाणात बिअर करायला मुभा आहे. आपल्याकडे नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हा आहे, मग ती स्वयंपाकघरातल्या पातेल्यात का होईना. शिवाय आंबणे पूर्ण होण्याआधी बाटली बंद केली तर आतल्या वायूने ती फुटते आणि काचा डोळ्यात जातात. त्यात अल्कोहोल किती उतरले हे मोजल्याशिवाय कळत नाही.

एक खुलासा. मिथेनॉलचे विष सातूच्या बिअरमध्ये सहसा होत नाही. ते येते दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळणाऱ्यांमुळे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशीच दगावली. पिणाऱ्याला उलट्या होऊन अंधुक दिसू लागले तर ती नशा समजू नये, ताबडतोब इस्पितळ गाठावे.

एवढे लक्षात ठेवा

मधुमेहाच्या, झोपेच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील, मेट्रोनिडाझोल चालू असेल, कावीळ होऊन गेली असेल किंवा पोटात बाळ असेल तर बिअरचा घोटही नको. गाडी चालवायची असेल तरीही नाही. जे घेत नाहीत त्यांनी औषध म्हणून सुरू करू नये. जे रोज भरपूर घेतात त्यांनी मात्र एकाएकी, एकट्याने बंद करू नये. हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आमच्या चिरंजीवांचा खडा बाराव्या दिवशी पडला. पाण्याने. वडील खडा पुडीत बांधून दाखवायला घेऊन आले होते. मुलाने बिअरच्या सामानाची मागणी रद्द केली, असेही त्यांनी आवर्जून सांगितले. जर्मनांकडून घ्यायचे असेल तर कामातली शुद्धता आणि शिस्त घ्यावी. पेला त्यांच्याकडेच राहू द्यावा.