शिट्टीला माणूस दिसता कामा नये

ज्याच्या हाती शिट्टी, त्याच्या हाती सत्ता. ती सत्ता नियमाने चालते की माणूस पाहून, हाच खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील महिला कॉलेज बास्केटबॉलचे प्रेक्षक हाच प्रश्न विचारीत आहेत. त्यांच्या संतापाला हरलेल्यांचे रडगाणे म्हणणे सोपे आहे, न्यायाचे नाही.

२ एप्रिल २०२३ रोजी डॅलस येथे राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. लुईझियाना स्टेट विद्यापीठाने आयोवाला १०२-८५ असे हरविले. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस आयोवाच्या केटलिन क्लार्कने शिट्टीनंतर चेंडू पंचाकडे न देता मागे टाकला. लगेच टेक्निकल फाउल! तो तिचा चौथा ठरला. पाचव्याला खेळाडू बाद होतो. त्याच सामन्यात लुईझियानाच्या प्रशिक्षिका किम मल्की तावातावाने मैदानात आल्या. त्यांचा हात पंचाला लागल्याचे लाखो लोकांनी पाहिले. तेव्हा मात्र शिट्टी मुकी राहिली. बळी तो कान पिळी, हा न्याय मैदानावरही चालायचा काय?

क्लार्क नियमाने चुकली होती, हे मान्य. मध्यंतराला लुईझियाना १७ गुणांनी पुढे होती, हेही मान्य. पंचांनीच आयोवाला हरविले, असे कोणी म्हणू नये. मुद्दा निकालाचा नाही, समान मापाचा आहे. विद्यार्थिनीच्या क्षुल्लक चुकीला शिक्षा आणि प्रशिक्षकाच्या अरेरावीला अभय, हे कोणत्या न्यायात बसते? प्रशिक्षक हा शिक्षक असतो. तोच पंचाला दरडावू लागला, तर मुलींनी शिकायचे काय?

न्यायालयाच्या आदेशात कारणे लिहावी लागतात. त्यावर अपील होते. पंचाचा निर्णय क्षणात होतो आणि बहुधा तोच अंतिम ठरतो. सामन्यानंतर नेमलेल्या एका पत्रकारामार्फत मोजकी उत्तरे मिळतात, एवढेच. पुढे त्याच वर्षी स्पर्धा भरविणाऱ्या एनसीएएच्या अधिकारी लिन होल्झमन यांनी पंचांची कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी पडल्याचे मान्य केले. म्हणजे प्रेक्षकांची ओरड निराधार नव्हती!

परंतु प्रेक्षकांनीही आरशात पाहावे. त्याच सामन्यात लुईझियानाच्या एंजल रीसने तोंडासमोर हात हलवून क्लार्कला डिवचले, तर तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. क्लार्कने आधीच्या सामन्यात तोच हावभाव केला, तेव्हा तिचे कौतुक झाले होते. क्लार्क गोरी, रीस काळी. एकीची जिद्द, दुसरीचा उद्धटपणा! खुद्द क्लार्कनेच रीसवर टीका नको, असे सांगितले. खेळाडूला कळले, ते गॅलरीला कळले नाही. पंचाकडे समान न्याय मागणाऱ्यांच्या हातीच दोन मापे असतील, तर त्यांच्या मागणीला वजन कसे येणार?

२०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. प्रेक्षक वाढले, तशी जबाबदारीही वाढली. पंचांनी मोठ्या सामन्यानंतर निर्णयांची कारणे जाहीर करावीत. मर्यादा ओलांडणाऱ्या प्रशिक्षकाला, तो कितीही नामवंत असो, तिथल्या तिथे फाउल द्यावा. आणि प्रेक्षकांनी जाब जरूर विचारावा. पण खेळाडूचा रंग पाहून नव्हे. मुलींनी घाम गाळून उभारलेल्या या खेळाला कोणाची मेहेरबानी नको, सर्वांना एकच नियम हवा.