गिऱ्हाईक कोणत्या नावाने शोधते?

आमच्या दुकानाची पाटी होती, ‘सर्व प्रकारचे कापड मिळेल’. गूगलवर दुकानाची नोंद केली तेव्हाही आम्ही तेच लिहिले. पण ‘सर्व प्रकारचे’ असे कोणी शोधते का? गिऱ्हाईक लिहिते, ‘सुती अस्तर रत्नागिरी’. मालाचे नाव, पोत, पन्हा आणि गाव लिहिले, की नेमका गरजू दारात येतो.

हापूसचेच पाहा. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपला माणूस ‘हापूस’ शोधतो, परका ‘अल्फान्सो’. बागायतदाराने दोन्ही नावे लिहावीत. कापडातही कोणी ओढणी म्हणते, कोणी दुपट्टा.

मात्र उगाच नावांचा ढीग लावू नये. संकेतस्थळात दडवलेल्या शब्दयादीला आपण क्रमवारीत धरत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. शिवाय यंत्रमागाच्या कापडाला हातमाग म्हणून बोलावलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढत नाही.

बांधवांनो, आठवडाभर गल्ल्याजवळ वही ठेवा. गिऱ्हाईक ज्या नावाने माल मागते, तेच नाव टिपा आणि तेच लिहा. धंद्याची बरकत खऱ्या नावात आहे.