तिहेरी शर्यत आणि तिचा चौथा अभ्यास

ठाण्याचा आणि घड्याळाचा संबंध जुना आहे. १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली, पुढील वर्षीं रूळ कल्याणपर्यंत पोंचले, आणि तेव्हांपासून ह्या बाजूच्या गांवांचें जीवन हळूहळू गाडीच्या वेळापत्रकाला बांधलें गेलें. डोंबिवलीचा नोकरदार किती वाजतां उठतो हें त्याच्या प्रकृतीवर ठरत नाहीं, त्याच्या गाडीवर ठरतें. अशा ह्या गांवांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, दूधवालाही अद्याप आलेला नसतो, आणि कोणी चाळिशीचा गृहस्थ किंवा दोन मुलांची आई मासुंद्याच्या तलावपाळीवरून धांवत असते. कोणी उपवनाच्या बाजूनें येऊरचा चढ सायकलीनें चढत असतो. कोणी कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागलेला असतो. ही मंडळी भरतीची तयारी करीत नसतात, आणि बक्षिसाची आशाही त्यांतल्या फारच थोड्यांना असते. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हे तिन्ही प्रकार न थांबतां एकापाठोपाठ करावयाचे, अशी जी ट्रायथलॉन नांवाची शर्यत आहे, तिचे हे हौशी उपासक होत. हा छंद माणसाला काय देतो, त्याच्याकडून काय घेतो आणि माणूस त्यांत कोठें फसतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

ह्या शर्यतीचें वय फार नाहीं. अमेरिकेंत सॅन डिएगो येथें १९७४ सालीं तिन्ही प्रकार जोडून एक छोटी शर्यत झाली. पुढें हवाई बेटांतील ओआहू येथें एक वाद निघाला: पोहणारा, सायकलस्वार आणि धांवणारा, यांत खरा काटक कोण? जॉन कॉलिन्स नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यानें त्यावर तोडगा काढला कीं, बेटावर ज्या तीन लांब शर्यती निरनिराळ्या दिवशीं होतात त्या एकाच दिवशीं कराव्या, आणि जो प्रथम येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणावें. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं १५ जण समुद्रांत उतरले, १२ जणांनीं शर्यत पुरी केली, आणि गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. हॅलर टॅक्सी चालवीत असे. म्हणजे पोट भरण्यासाठीं दुसरें कांहीं करणाऱ्या माणसांचा हा खेळ, हें त्याच्या जन्मापासूनच ठरून गेलें.

त्या शर्यतीचीं अंतरें आजही तींच आहेत: ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरांची मॅरेथॉन. पंचवीस मीटरांच्या तलावांत १५२ वेळां एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावें. मग रेल्वेच्या मापानें मुंबईहून नाशिकरोडच्या जरा अलीकडे येईल इतकी सायकल मारावी. आणि मग बोरीबंदराहून जवळजवळ दिव्यापर्यंत धांवावें. हें सर्व बहुतेक ठिकाणीं १७ तासांच्या आंत करावयाचें असतें. ह्याच्या निम्म्या अंतराची शर्यत ती अर्धी आयर्नमॅन. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें ह्या खेळाचा समावेश झाला, तेथें अंतरें दीड, चाळीस आणि दहा किलोमीटरांचीं ठेवण्यांत आलीं. महाराष्ट्रांत हें नांव घरोघर पोंचलें तें २०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मिलिंद सोमण यांनीं झुरिक येथें पूर्ण आयर्नमॅन पार केली तेव्हां. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांच्यासारख्या जलतरणपटूनें तर अशा अनेक शर्यती पुऱ्या करून पुढें इतरांना शिकविण्याचें काम अंगावर घेतलें. २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत झाली, आणि जी गोष्ट परदेशवारीखेरीज जमत नव्हती ती एका रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यांत आली.

ठाणें-कल्याणच्या माणसापुढें पहिली अडचण पाण्याची. चोहोंकडे तळीं आणि खाडी असूनही पोहावयाला तरणतलावाचीच वाट धरावी लागते. खाडीचा चिखल, भरती-ओहोटीची ओढ आणि सांडपाणी यांचा भरंवसा नाहीं. तलावांत तळाची रेघ दिसते, कडेला हात लागतो. समुद्रांत यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी पोहण्याच्या स्पर्धेसारखी संधि मिळाली तर जाणते लोक ती सोडीत नाहींत. रस्त्याची अडचण दुसरी. अवजड वाहनें जागीं होण्यापूर्वीं सायकल घरीं परत आली पाहिजे. परंतु सर्वांत मोठी अडचण वेळेची. अर्ध्या शर्यतीच्या तयारीलाही आठवड्याचे आठ ते बारा तास लागतात. कचेरी तास सोडीत नाहीं, गाडी सोडीत नाहीं, घरही सोडीत नाहीं. मग हे तास येतात कोठून? बहुधा झोपेंतून. रात्रीं साडेनऊला घरीं येऊन अकराला निजणारा माणूस चारला उठतो, आणि ही चोरी कोणाच्या लक्षांत येणार नाहीं असें त्याला वाटतें.

शरीराच्या मात्र ती लक्षांत येते. व्यायामानें शरीर बळकट होतें असें म्हणतात, तें अर्धेंच खरें आहे. व्यायामाच्या वेळीं शरीर झिजतें. ती झीज नंतर, विसाव्यांत आणि मुख्यतः झोपेंत भरून निघते, आणि भरतांना मूळच्यापेक्षां थोडी अधिक भरते. हें ‘थोडें अधिक’ म्हणजेच वाढलेली ताकद. रात्रीच्या पहिल्या प्रहरांतील गाढ झोपेंत शरीराची वाढ व डागडुजी करणारा अंतःस्राव सर्वांत अधिक पाझरतो. तेव्हां झोप कापून केलेला सराव म्हणजे भिंत बांधावयाला विटा आणावयाच्या आणि गवंड्याला मात्र सुटी द्यावयाची, असा प्रकार होतो.

शिवाय शरीराचे सर्व भाग सारख्या वेगानें तयार होत नाहींत, आणि ह्या खेळांतील बहुतेक दुखापतींचें मूळ येथेंच आहे. सराव सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तांतील द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें. दीड-दोन महिन्यांत स्नायु प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करूं लागतात. दम पुरूं लागतो, आणि माणसाला वाटतें कीं आपण तयार झालों. पण स्नायूंना हाडाशीं जोडणाऱ्या कंडरांना रक्ताचा पुरवठा कमी. त्यांना महिनेच्या महिने लागतात. हाडांची तऱ्हा तर निराळीच. यूलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्यानें १८९२ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, हाड आपल्यावरील भाराप्रमाणें आपली घडण बदलतें. परंतु जुनी भिंत दुरुस्त करतांना आधीं सुटलेला गिलावा खरवडावा लागतो. त्याचप्रमाणें शरीर आधीं जुनें हाड पोखरतें आणि मग नवें भरतें. पोखरण्याला सुमारें तीन आठवडे आणि भरण्याला सुमारें तीन महिने लागतात. म्हणजे भार एकदम वाढविल्यानंतर कांहीं आठवडे हाड पूर्वींपेक्षां थोडें नाजुकच असतें. नेमका ह्याच वेळीं दम वाढलेला असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या पावलाखालीं धांवतांना दीडशें ते दोनशें किलोंचा भार येतो, आणि तासाभरांत अशीं सुमारें दहा हजार पावलें पडतात.

मग जें व्हावयाचें तें होतें. नडगीच्या एका ठिकाणीं बारीक ठणका लागतो. पहिल्या आठवड्यांत तो अंग तापलें कीं जातो. दुसऱ्यांत जात नाहीं. तिसऱ्यांत रात्रीं अंथरुणांतही जाणवतो. माणूस साधें क्षकिरणचित्र काढतो, त्यांत कांहीं दिसत नाहीं, आणि तो आनंदानें पुन्हां धांवावयाला जातो. पण अशी बारीक चीर पहिले कांहीं आठवडे साध्या चित्रांत पुष्कळदां उमटतच नाहीं. एम्‌आर्‌आय केल्यावर ती दिसते. इतर तक्रारींचींही कारणें अशींच घरगुती असतात. सायकलीची सीट फार खालीं असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतें, फार वर असेल तर मागें ओढ बसते. पाण्यांत हात चुकीच्या कोनांतून मारला तर खांदा धरतो. टांचेवरची कंडरा बिघडली कीं सकाळीं उठल्यावर पहिलीं दहा पावलें लंगडत टाकावीं लागतात.

दुखापत झालेल्या ट्रायथलॉनपटूचें एक सुदैव असतें आणि तेंच त्याचें दुर्दैवही ठरूं शकतें. पाय दुखावला तरी पाणी आहे, बरें होत आल्यावर सायकल आहे. केवळ धांवणाऱ्यासारखें त्याला स्वस्थ बसावें लागत नाहीं. त्यामुळें त्याचें हृदय आणि फुफ्फुसें उतरत नाहींत. परंतु तीन महिन्यांनीं तो रस्त्यावर परत येतो तेव्हां दम पूर्वींचा असतो आणि हाड नव्या माणसाचें असतें. दोहोंमधील अंतर पहिल्यापेक्षांही वाढलेलें असतें. पुष्कळांची दुसरी दुखापत पहिलीपेक्षां मोठी होते, ती ह्यामुळें. म्हणून शहाणा माणूस परततांना एक मिनिट धांवतो आणि एक मिनिट चालतो. शेजारून शाळकरी मुलें पुढें निघून गेलीं तरी तो आपला हिशेब सोडीत नाहीं.

मात्र विश्रांति म्हणजे नुसतें पडून राहणें नव्हे. १९९८ सालीं हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश शल्यवैद्यानें टांचेची कंडरा दीर्घकाळ दुखणाऱ्या १५ धावपटूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभें राहून टांच सावकाश खालीं सोडावयाची, पंधरा-पंधराच्या तीन आवृत्त्या, दिवसांतून दोनदां, बारा आठवडे, एवढाच उपाय. ते पंधराही जण पूर्वींप्रमाणें धांवूं लागले. त्याला स्वतःलाही हेंच दुखणें होतें, आणि वरिष्ठांनीं शस्त्रक्रिया नाकारल्यामुळें कंडरा पुरती तुटावी म्हणून त्यानें तिच्यावर भार टाकावयाला सुरुवात केली, तों ती बरीच झाली, अशी हकिगत सांगतात. तात्पर्य, दुखावलेल्या अवयवाला भार हवाच असतो. पण तो मापानें आणि नेमानें. आणि हें माप जाणत्या वैद्याकडून घ्यावें. चीर गेलेल्या हाडाला जें अपाय करील, तेंच कंडरेला औषध ठरतें.

हें माप सांभाळणें हेंच प्रशिक्षकाचें खरें काम. तालमींतला वस्ताद जोर किती काढावयाचे हें सांगे, तसाच थांबावयाचें केव्हां हेंही सांगे. सुश्रुतानें व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें आहे. वाग्भटानें ही अर्धी शक्तिही थंडींत आणि वसंतांत, व इतर ऋतूंत त्याहून कमी, असा भेद केला आहे. आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही ह्याहून फार दूर नाहीं. स्टीफन सायलर यांनीं अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हां त्यांतील सुमारें चार-पंचमांश भाग सावकाश गतीचा, म्हणजे बोलतां बोलतां करतां येईल असा, आढळला. हौशी माणूस नेमकें उलट करतो. वेळ थोडा म्हणून प्रत्येक दिवशीं जीव तोडून धांवतो. आजकाल प्रशिक्षक पुष्कळदां दुसऱ्या गांवीं असतो. मनगटावरील घड्याळ हृदयाचे ठोके त्याला कळवितें. परंतु काल रात्रीं मुलाला ताप होता, किंवा गाडी दोन तास रखडली, हें घड्याळाला कळत नाहीं. तें सांगावें लागतें, आणि विचारावेंही लागतें.

शर्यतीच्या दिवशीं मग नवें कांहीं करावयाचें नसतें. जें शिकलें तें विसरावयाचें नाहीं, इतकेंच. सायकलीवरून उतरल्यावर पाय शिशाचे वाटतात. म्हणून सायकल आणि धांवणें लागोपाठ करण्याचा सराव आधीं केलेला असावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रु दमटपणा. एक लिटर घाम वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण तो वाळला तर! अंगावरून ठिबकून गेलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाहीं. ओआहूच्या त्या पहिल्या शर्यतींत जॉन डनबार बराच वेळ पुढें होता. त्याच्या सोबत्यांजवळचें पाणी संपलें, त्यांनीं त्याला बियर पाजली, आणि तो झोकांड्या खात दुसरा आला. त्याच्या पायांत बळ होतें. कमी पडली ती व्यवस्था.

एवढें करून हातीं काय येतें? गळ्यांत एक पदक, तें चार दिवसांनीं खुंटीवर जातें. परंतु ज्याला गाडीच्या वेळापत्रकाबाहेर स्वतःचा म्हणून एक तासही नव्हता, त्याला आपल्या शरीराची भाषा थोडी समजूं लागते, ही मिळकत लहान नाहीं. मात्र ह्या भाषेंतला ‘थांब’ हा शब्द सर्वांत उशिरां कळतो. म्हणून तलावपाळीवरच्या रोजच्या घोळक्यांतला एखादा चेहरा चार सकाळीं दिसला नाहीं, तर तो आळसावला असें समजूं नये. कदाचित् त्या वेळीं तो घरीं, पांघरूण डोक्यावर ओढून, आपला चौथा अभ्यास पुरा करीत असेल. आणि घरच्यांनीं त्या दिवशीं त्याला उठवूं नये.