अडले कोठे? : न्यूज सर्व्हरच्या दारातील संवाद

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते व्याकरणाच्या तासाला 'वाक्य चुकले' एवढ्यावर समाधान मानीत नसत. चूक नेमकी कोणत्या पदात आहे, ते दाखवावे लागे. त्या शिस्तीचा उपयोग सत्तरीनंतर संगणकापुढे बसून होईल, असे मला वाटले नव्हते.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 'यूजनेट'ची कल्पना मांडली. विषयवार गटांत लिहिलेला मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर पोहोचविणारी ही व्यवस्था. इंटरनेटवरून ती चालावी म्हणून १९८६ मध्ये 'एनएनटीपी' हा नियमसंच सिद्ध झाला. २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मराठी भाषकांचाही तेथे गट होता. माझा एक दिवंगत विद्यार्थी परदेशातून त्यात रोमन लिपीत मराठी लिहीत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने यूजनेटवरील नवे लेखन स्वीकारणे थांबविले; तथापि अन्य न्यूज सर्व्हर चालू आहेत. अशा एका सर्व्हरवर मी खाते उघडले, परंतु वाचनाचा प्रोग्रॅम 'जोडणी अयशस्वी' याखेरीज काही सांगेना. खातेच बंद झाले, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

वस्तुतः अशा वेळी प्रोग्रॅम बाजूस ठेवून, आज्ञांच्या काळ्या पडद्यावरून सर्व्हरशी स्वतःच बोलता येते. साध्या जोडणीसाठी 'टेलनेट' ही आज्ञा, सर्व्हरचे नाव आणि ११९ हा पोर्ट क्रमांक पुरतो. नावच सापडले नाही, तर दोष पत्त्यात किंवा नाव शोधून देणाऱ्या यंत्रणेत. तत्काळ नकार आला, तर बहुधा त्या पोर्टवर सेवा चालू नाही. दीर्घकाळ काहीच आले नाही, तर वाटेत कोठेतरी, बहुधा फायरवॉलपाशी, अडथळा आहे. जोडणी झाली, की सर्व्हर स्वतःहून बोलतो: २०० म्हणजे लेखनास अनुमती, २०१ म्हणजे केवळ वाचन. मात्र या स्वागताने ओळख पटली असे होत नाही.

ओळखीचा विधी दोन पायऱ्यांचा आहे. 'ऑथइन्फो यूजर' या शब्दांपुढे आपले नाव लिहावे. ३८१ हे उत्तर परवलीचा शब्द मागते. मग 'ऑथइन्फो पास' लिहून तो द्यावा. २८१ आले तर प्रवेश मिळाला. ४८१ आले तर ओळख नाकारली गेली. ४८० म्हणजे आधी ओळख द्या. ४८२ म्हणजे क्रम चुकला. ४८३ म्हणजे जोडणी कूटबद्ध हवी. या अंकांनाही व्याकरण आहे. पहिला अंक २ असता कार्य सिद्ध झाले, ३ असता वाक्य अर्धे आहे, ४ असता आज्ञा शुद्ध असूनही पार पडली नाही, आणि ५ असता आज्ञाच अज्ञात, अशुद्ध वा अमान्य.

११९ वरील साध्या जोडणीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. म्हणून ५६३ हा सुरक्षित पोर्ट वापरावा. तेथे टेलनेट चालत नाही. 'ओपनएसएसएल'मधील 'एस-क्लायंट' हे साधन घ्यावे आणि ओळींचा शेवट नियमाप्रमाणे व्हावा म्हणून 'सीआरएलएफ' हा पर्याय जोडावा. एक खोच ध्यानात ठेवावी: या साधनात ओळीच्या आरंभी मोठा इंग्रजी 'क्यू' आला, की ती ओळ सर्व्हरकडे न जाता जोडणी तुटते. निरोपाची 'क्विट' ही आज्ञा म्हणूनच लहान अक्षरांत द्यावी.

मी याच मार्गाने गेलो. २००, ३८१, आणि मग ४८१. अर्थात सर्व्हर जिवंत होता, वाट मोकळी होती, दोष फक्त शेवटच्या पदात होता. प्रोग्रॅममध्ये परवलीच्या शब्दाजागी नुसते ठिपके दिसत. येथे मात्र टंकलेले सारे पडद्यावर उमटले होते. (यास्तव पाठीमागे कोणी उभे नाही, हे आधी पाहावे.) पाहतो तो अंक देवनागरी! मराठी कळफलक चालूच राहिला होता. कळफलक पालटला, आणि २८१ आले.

गटाचे नाव कळविताच २११ आले आणि त्यासोबत लेखांची अंदाजे संख्या, पहिला व शेवटचा क्रमांक. त्या गर्दीत माझ्या विद्यार्थ्याचे दोन लेख हाती लागले. दोष परक्याच्या माथी मारून मी उठलो असतो, तर ते दाराआडच राहिले असते.