बिनटाक्याची नसबंदी : बैल बडवण्यासारखी नव्हे



नसबंदीचं नाव निघालं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं बडवलेला बैल उभा राहतो. ‘आपलीही तीच गत झाली तर नांगर कसा धरवेल?’ ही धास्ती. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सक्ती झाली, तिनं ती आणखीच वाढली. म्हणून फरक नीट समजून घ्या.

बैल बडवताना अंडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि अंड निकामी होतं. नसबंदीत अंड जागच्या जागी शाबूत राहतं. बीज वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या तेवढ्या बंद करतात. पुरुषाचा जोम राखणारा रस अंडातून थेट रक्तात जातो, त्याची वाट मोकळीच असते. वीर्यही येतं; त्यात बीज तेवढं नसतं.

बिनटाक्याची पद्धत चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ साली काढली. आधी सुई देऊन जागा बधिर करतात; ती सुई थोडी टोचते. मग टोकदार चिमट्यानं बारीक छिद्र पाडून नळ्या बंद करतात. टाका पडत नाही. काम १५-२० मिनिटांचं. थोडा वेळ विसावा घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं. बाईच्या शस्त्रक्रियेत मात्र पोटात शिरावं लागतं.

नंतर काय कराल?

• दोन दिवस विश्रांती घ्या. घट्ट लंगोट वापरा. जागा कोरडी ठेवा.
• आठवडाभर पोती उचलणं, नांगर, सायकल बंद. म्हणून पेरणी-सुगीचे दिवस टाळा.
• थोडी सूज, ठणका, काळंनिळं होणं चालायचंच. पण सूज वाढली, ताप आला, रक्त वा पू आला, तर लगेच दवाखाना गाठा.
• मोट थांबली तरी दांडात पाणी उरतंच. तसं पुढच्या नळीत बीज उरलेलं असतं. तीन महिने निरोध वापरा. मग वीर्य तपासून घ्या. डॉक्टरांनी ‘बीज नाही’ असं सांगितल्यावरच निर्धास्त व्हा.

नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते. तेव्हा आणखी मूल नको, हे कारभारणीशी बोलून पक्कं करा. संमतीच्या कागदावर सही मात्र तुमच्याच मर्जीनं व्हायला हवी. कुणी जबरदस्ती केली तर साफ नाही म्हणा.