नागपूर किती लांब?

आमच्या वाशीच्या सोसायटीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, तुमचं नागपूर किती लांब?" मी म्हणालो, "कशानं जाणार, त्यावर आहे." तिला वाटलं, कवी माणूस, असंच काहीतरी बोलणार. पण मित्रहो, हे उत्तर कवितेतलं नाही, भूगोलातलं आहे.

मुंबई ते नागपूर रेल्वेनं ८३७ किलोमीटर. कसारा घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा करत रूळ वळणं घेत जातात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तोही भिवंडीजवळच्या आमणेपासून. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. आणि नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर सुमारे ६८० किलोमीटर. गावं तीच, अंतरं तीन.

मग ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला पन्नासेक मिनिटं पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. कारण तो वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, हे सगळं त्यात धरलेलं. पूर्ण वेग फक्त मधल्या टप्प्यात. शिवाय विमान ठरलेल्या हवाईमार्गानं जातं, आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करायला वळसाही घ्यावा लागतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात. नागपूरला जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. म्हणून परतीला काही मिनिटं जास्त.

नागपूर देशाच्या मध्यावर. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं रात्री नागपुरात जमत, टपालाच्या पिशव्या बदलत आणि सकाळच्या आत आपापल्या शहरी परतत. पत्रं माणसांच्या आधी पोचत.

मी मात्र उशिरा पोचलो. अब्बा गेले तेव्हा विमानाचं तिकीट माझ्या खिशाबाहेरचं होतं. रात्री फोन आला. भावानं विचारलं, "कधी पोचशील?" किती किलोमीटर, हे त्यानं विचारलं नाही. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत, त्यातून मे महिना. मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तेव्हा कबरीवर शिंपडलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं.

तेव्हापासून मी अंतर तासांत मोजतो, तेही दारापासून दारापर्यंत. घरातून विमानतळ, तिथं आधी पोचून थांबणं, उड्डाण, मग पलीकडची रिक्षा. दीड तासाचा प्रवास सहज पाच तासांचा होतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. विमानाचा वेग काही वाढला नाही. पण आम्हा वाशीकरांची खाडीपूल ओलांडून सांताक्रूझ गाठायची धावपळ वाचू शकते. कधी कधी तेवढाच एक तास हवा असतो.

त्या मुलीला शेवटी मी सांगितलं, "सकाळचा चहा इथं घेतला, तर दुपारचं जेवण अम्मीच्या हातचं. इतकं लांब."